पाणी शिरतं ते जोडांत : बाहेरच्या रोषणाईबद्दल वाचकांचे प्रश्न

सणासुदीला घराबाहेर लावायच्या दिव्यांच्या माळांबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेकांनी बल्बबद्दल विचारलं आहे, पण उत्तर शोधायला गेलं की गाडी पुन्हा पुन्हा जोडांवर येऊन थांबते: प्लग, होल्डर, दोन माळांमधली पिन. आकडेमोड २३० व्होल्टचा पुरवठा धरून केली आहे. माळेला हात लावण्याआधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्रत्येक उत्तरात हे पुन्हा लिहिलेलं नाही, पण गृहीत सगळीकडे आहे.

प्रश्न : संध्याकाळी माळा व्यवस्थित लागतात. पाऊस आला किंवा पहाटे दव पडलं की आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) पडतो आणि सगळं घर अंधारात जातं. दुपारी पुन्हा सगळं ठीक. आरसीसीबी काढून साधा एमसीबी (करंट जास्त झाला तरच पडणारा स्विच) बसवा, असा सल्ला मिळाला आहे. बसवावा का?

बसवू नका. आरसीसीबी बिघडलेला नाही, तो त्याचं काम करतोय. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच तो पाहतो. फरक पडला म्हणजे करंट दुसऱ्या वाटेनं जमिनीत चालला आहे: ओल्या भिंतीतून, ग्रिलमधून किंवा ग्रिलला टेकलेल्या माणसातून. घरगुती आरसीसीबीवर सहसा ३० मिलिअँपिअर लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात तो १५ ते ३० च्या मधे कुठेही पडू शकतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला एवढी गळती कळतच नाही, कारण त्याच्या मर्यादेचा तो पाचशेवा भागसुद्धा नाही. एमसीबी वायरीला जपतो, माणसाला नाही.

गळती दुपारी शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही, कारण तोवर सगळं वाळलेलं असतं. माळा ओल्या असतानाच शोधा, पण मेन स्विच बंद करून आणि कोरड्या हातापायांनी सगळे प्लग आधी काढून घ्या. मग मेन चालू करून घरातल्या कोरड्या सॉकेटवर एकेक माळ लावा आणि प्रत्येकीला दोन-तीन मिनिटं द्या. जिला लावल्यावर आरसीसीबी पडेल ती बाजूला काढा. कधी कधी एकेकटी कुठलीच माळ त्याला पाडत नाही, सगळ्या एकदम लावल्या की मात्र तो पडतो. चार माळांतून पाच-पाच मिलिअँपिअर झिरपले की वीस होतात. तिथे दोषी एक नसतो, सगळेच जोड थोडेथोडे ओले असतात.

गळकी माळ सापडली की बल्बांकडे नंतर वळा, आधी जोड उघडून उजेडात धरा. पितळी पिनांवर हिरवट किंवा पांढरी पूड दिसेल. ती चिंधीनं आणि कॉन्टॅक्ट क्लीनरनं निघते. दोन पिनांच्या मधल्या प्लॅस्टिकवर मात्र केसासारखी तपकिरी-काळी रेघ दिसली तर तो जोड गेला असं समजा. धूळ आणि पाणी मिळून तिथून बारीक करंट वाहत राहिलेला असतो आणि त्यानं प्लॅस्टिक जळून कार्बनची वाट तयार झालेली असते. ती वाळवून किंवा पुसून जात नाही. तो प्लग कापून नवा लावायचा.

मग पाहायचं की पाणी साचतं कुठे. जमिनीवर किंवा कठड्यावर आडवा पडलेला जोड, तोंड वर करून बसवलेला होल्डर (त्याची वाटी होते आणि ती भरते), पाठीवर पडलेली कंट्रोलरची (चमचमण्याचे प्रकार बदलणारी) डबी आणि पागोळ्या नेमक्या पडतात ती जागा. जोड जमिनीपासून हातभर वर टांगा, तोंड खाली ठेवून. जोडाकडे येणारी वायर आधी जोडाच्या खाली १०–१५ सेंटिमीटर झोल घेऊन मग वर चढू द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी ठिबकून जातं, पिनेपर्यंत पोचत नाही. प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधण्याची पद्धत सर्रास दिसते, ती सोडा. पावसाचं पाणी अडतं, पण रात्री थंडावा आला की आतल्या हवेतली वाफ पिनांवरच थेंब धरते आणि ती बाहेर पडायला वाट नसते. साधी इन्सुलेशन टेपही पाणी अडवत नाही. हंगामभर न उघडायचा जोड असेल तर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप घ्या, ती ताणून जवळजवळ दुप्पट लांब करत, अर्धा वेढा आधीच्या वेढ्यावर येईल अशी, खालून वर गुंडाळत जा. वेढे कौलांसारखे एकमेकांवर बसले की पाणी आत न शिरता ओघळून जातं. अधूनमधून उघडावा लागणाऱ्या जोडासाठी रबरी तोंडाची जोड-डबी मिळते, ती बरी.

बाहेरच्या सॉकेटसाठी वेगळी लाइन आणि तिच्यावर स्वतंत्र आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकाच डबीत) घेतला तर गळती झाली तरी घरातले दिवे जात नाहीत. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. आणि आरसीसीबीवरचं टेस्ट बटण माळा लावण्याआधी एकदा, त्यानंतर महिन्यातून एकदा दाबा. दाबल्यावर तो पडला नाही तर बदलेपर्यंत बाहेर एकही माळ लावू नका.

प्रश्न : माळेवर ‘आयपी ४४’ लिहिलं आहे. ती पावसात चालेल ना?

आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून संरक्षण किती, त्याचा दर्जा. पहिला आकडा घन वस्तूंचा, दुसरा पाण्याचा. ४४ म्हणजे एक मिलिमीटर किंवा त्याहून जाड वस्तू आत जाणार नाही आणि कुठल्याही बाजूनं उडालेल्या पाण्याच्या शिंतोड्यांनी बिघाड होणार नाही. वळचणीखाली, बाल्कनीच्या छताखाली एवढं पुरतं. उघड्या गच्चीवर, झोडपणाऱ्या पावसात ६५ घ्या: धूळ पूर्ण बंद आणि पाण्याच्या धारेला तोंड देणारी. ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी चालणारी. बागेत पाणी साचतं तिथे ती कामाची. २० म्हणजे पाण्यापासून काहीच संरक्षण नाही.

पण हा आकडा बहुतेक वेळा फक्त माळेचा असतो. प्लग, ॲडॅप्टर आणि कंट्रोलरवर वेगळा आकडा छापलेला असतो, आणि तो बऱ्याचदा २० असतो. खोक्यावर न पाहता त्या त्या वस्तूवर पाहा. माळेच्या शेवटच्या टोकाची रबरी टोपी हरवली असेल किंवा एखादा होल्डर बल्बाविना उघडा असेल तर छापलेल्या आकड्याला अर्थ उरत नाही.

प्रश्न : शंभर बल्बांची एलईडी माळ मधूनच बंद झाली. पहिले पन्नास लागतात, पुढचे नाहीत. फेकून द्यावी का?

इतक्यात नको. थेट २३० व्होल्टवर चालणारी माळ आतून दोन किंवा जास्त तुकड्यांची असते. एका पांढऱ्या एलईडीला साधारण तीन व्होल्ट लागतात, म्हणून पन्नास-साठ एलईडी एकामागोमाग, सिरीजमध्ये जोडून वर एक रेझिस्टर (करंट आवरणारा रोध) घालतात. अशा तुकड्यात एका जागी मार्ग तुटला की अख्खा तुकडा विझतो. तुमचा दुसरा तुकडा विझलाय, म्हणजे त्या पन्नास जागांपैकी एका जागी तुटलं आहे. बऱ्याचदा एलईडी शाबूत असतो, त्याचा पाय होल्डरमध्ये नीट टेकलेला नसतो.

आधी नजरेनं तपासा: काळवंडलेला बल्ब, होल्डरमधून अर्धवट वर आलेला बल्ब, होल्डरच्या मुळाशी निसटलेली वायर. तुकड्याचे पहिले आणि शेवटचे दोन होल्डर जास्त ताण सोसतात, तिथे वायर सुटण्याचं प्रमाण जास्त. मग प्लग काढून एकेक बल्ब बाहेर घ्या. बल्बाच्या तळाशी दोन बारीक तारा दोन्ही बाजूंनी वर वळवलेल्या असतात. एखादी गंजून तुटलेली किंवा आत सरकलेली असेल तर सरळ करून पुन्हा वळवा. बसवताना खाच जुळवा. एलईडी उलटा बसला तर लागणार नाही, आणि त्याच्यासकट सगळा तुकडा बंद राहील. चांगल्या तुकड्यातला एक बल्ब काढून तो विझलेल्या तुकड्यात प्रत्येक जागी लावून पाहणं हा वेळखाऊ पण खात्रीचा मार्ग.

स्पर्श न करता फेज ओळखणारा टेस्टर असेल तर काम लवकर होतं. माळ चालू ठेवा आणि विझलेल्या तुकड्यावरून टेस्टर सरकवत न्या. फेजच्या बाजूनं तो वाजत राहील आणि जिथे मार्ग तुटलाय त्याच्या पुढे गप्प होईल. शेजारून दुसऱ्या तुकड्याची वायर जात असते, ती टेस्टरला फसवते, म्हणून आधी वायरी वीतभर तरी सुट्या करा. टेस्टर सुरुवातीपासून गप्पच असेल तर दोन पिनांचा प्लग उलटा लावून पुन्हा पाहा.

जुन्या फिलामेंटच्या माळांची गंमत वेगळी. त्यांच्या बल्बात फिलामेंटच्या बुडाशी एक बारीक शंट-तार असते. फिलामेंट तुटलं की सगळा व्होल्टेज त्या एका बल्बावर येतो, तारेवरचा लेप जळतो आणि ती मार्ग जोडून देते. माळ लागलेली राहते, पण उरलेल्या बल्बांवर थोडा थोडा व्होल्टेज वाढतो आणि ते भराभर जाऊ लागतात. एक गेलेला बल्ब त्याच दिवशी बदलला तर माळ टिकते.

बल्ब नसलेल्या होल्डरमध्ये तार खुपसून मार्ग जोडायचा प्रकार कधीच करू नका.

प्रश्न : माळ लांब पडते. शेवटचे दहा-पंधरा बल्ब कापून टोक टेपनं बंद केलं तर?

थेट २३० व्होल्टच्या सिरीज माळेत हे चालत नाही. पन्नास फिलामेंट बल्बांच्या तुकड्यात प्रत्येकाला ४.६ व्होल्ट मिळतात. दहा काढून मार्ग जोडलात तर तेच २३० व्होल्ट चाळीसांत वाटले जातात, प्रत्येकी ५.७५, म्हणजे सव्वापट. बल्ब झगझगीत दिसतील आणि लवकर जळतील. एलईडीत रेझिस्टरवरचा भार वाढतो आणि तो तापतो. कमी व्होल्टच्या, खुणा केलेल्या जागीच कापायच्या पट्ट्या मिळतात, त्या कापता येतात. बाकीच्या माळेचा जास्तीचा भाग कुठेतरी नागमोडी फिरवून जिरवा.

प्रश्न : एका सॉकेटवर किती माळा लावता येतील?

आधी सॉकेटचं गणित. ६ अँपिअरच्या सॉकेटवर १३८० वॅट होतात, पण तासन्‌तास चालणाऱ्या भारासाठी त्याच्या ८० टक्केच धरा, म्हणजे सुमारे ११०० वॅट. ८ वॅटच्या दहा एलईडी माळा मिळून ८० वॅट, करंट जेमतेम ०.३५ अँपिअर, सॉकेटला पत्ताही लागत नाही. ७ वॅटचे पंचवीस फिलामेंट बल्ब असलेली एक माळ मात्र १७५ वॅटची. अशा सहा माळा १०५० वॅट, इथपर्यंत ठीक. सातवी लावली की मर्यादा ओलांडली.

पण माळा एकीच्या शेपटीला दुसरी अशा जोडत गेलात तर मर्यादा सॉकेटची नसते, पहिल्या माळेच्या केसासारख्या वायरीची असते, कारण पुढच्या सगळ्यांचा करंट तिच्यातूनच जातो. किती माळा जोडता येतील ते माळेवरच्या कागदी पट्टीवर लिहिलेलं असतं. तो आकडा नसेल तर माळ स्वतंत्र लावा. एलईडी आणि फिलामेंट एका ओळीत जोडू नका. लावून अर्धा तास झाला की प्लग काढून पहिल्या जोडाला बोट लावून पाहा. कोमट ठीक, गरम असेल तर माळा कमी करा किंवा पिन सैल आहे का ते तपासा; सैल पिन कमी भारातही तापते.

एक्स्टेन्शन तीन तारांची, अर्थिंग असलेली आणि बाहेर वापरण्याजोगी हवी. गुंडाळीवरची वायर पूर्ण सोडूनच वापरा. वेटोळ्यात अडकलेली उष्णता बाहेर पडत नाही आणि आतले वेढे एकमेकांना चिकटून वितळतात. वायर खिडकीच्या फटीतून आणताना काच सरकवून ती चिमटू नका. वरचं आवरण नीट दिसतं आणि आतले धागे तुटलेले असतात.

प्रश्न : बटण बंद केलं तरी माळ मंद मंद लागलेली दिसते. मीटर पळतोय का?

वीज नगण्य जाते, पण कारण शोधणं गरजेचं आहे. बटण बंद करून सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर घाला. एकात जरी तो पेटला तरी बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडतंय. म्हणजे बंद माळेतही फेज आहे, आणि माळ बंद आहे या समजुतीत बल्ब बदलायला गेलेल्याला शॉक बसू शकतो. इलेक्ट्रिशियनकडून बोर्डातल्या वायरी बदलून घ्या. दोन्हीकडे टेस्टर पेटला नाही, पण बटणात छोटा खुणेचा दिवा आहे किंवा मधे सेन्सर आहे, तर त्यातून झिरपणाऱ्या करंटवर एलईडी मिणमिणतो. त्यानं माळ बिघडत नाही. नको असेल तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारं बटण बसवा.

प्रश्न : ॲडॅप्टर जळाला म्हणून तेवढ्याच व्होल्टचा दुसरा लावला. आता एक सोडून एक बल्ब लागतो.

तुमच्या माळेत बल्ब दोन गटांत, एकमेकांच्या उलट्या दिशेनं जोडलेले आहेत. मूळ ॲडॅप्टरमधला कंट्रोलर दिशा भराभर बदलत दोन्ही गट लावत होता. चमचमण्याचे वेगवेगळे प्रकार त्यामुळेच जमत होते. साधा डीसी ॲडॅप्टर करंट एकाच दिशेनं देतो, म्हणून निम्मेच लागतात. पिन उलटी केली तर दुसरे निम्मे लागतील. त्या माळेसाठी कंट्रोलर असलेलाच, तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्या किंवा जास्त वॅटचा ॲडॅप्टर घ्या.

प्रश्न : रंग बदलणाऱ्या पिक्सेल एलईडीची शंभर दिव्यांची माळ आहे, ५ व्होल्टची. पांढरा रंग लावला की शेवटी तो पिवळट, मग लालसर दिसतो. एलईडी खराब आहेत का?

एलईडी चांगले आहेत, त्यांच्यापर्यंत पाच व्होल्ट पोचत नाहीत. निळ्या आणि हिरव्या एलईडीला सुमारे तीन व्होल्ट लागतात, लाल दोनमध्येच लागतो. व्होल्टेज घसरला की आधी निळा मावळतो, मग हिरवा, लाल शेवटपर्यंत टिकतो.

हिशोब असा. नेहमीच्या ५ व्होल्टच्या पिक्सेलला पूर्ण पांढऱ्यावर ६० मिलिअँपिअरपर्यंत लागतात, शंभरांना ६ अँपिअर. पॉवर सप्लायपासून माळेपर्यंत पाच मीटरची, अर्ध्या चौरस मिलिमीटरची वायर असेल तर जाण्या-येण्याच्या दहा मीटर तांब्याचा रोध ०.३५ ओहम होतो. ६ अँपिअरला त्यातच दोन व्होल्टहून जास्त खर्ची पडतात. म्हणजे माळ सुरू व्हायच्या आधीच पाचाचे तीन झाले! तीच वायर दीड चौरस मिलिमीटरची घेतली तर घट ०.७ व्होल्टवर येते. माळेच्या आतल्या बारीक वायरीतली घट वेगळी.

म्हणून तीन गोष्टी करा. सप्लाय माळेच्या जवळ, कोरड्या डबीत ठेवा आणि वायर जाड घ्या. त्याच सप्लायवरून दुसरी जोडवायर काढून माळेच्या शेवटच्या टोकालाही पॉवर द्या. दोन वेगळे सप्लाय वापरणार असाल तर दोघांचे निगेटिव्ह एकत्र जोडा, पण पॉझिटिव्ह एकमेकांना जोडू नका. माळेची पॉझिटिव्ह वायर मधे तोडून प्रत्येक सप्लायला आपापला भाग द्या. आणि कंट्रोलरमध्ये प्रखरता ३० टक्क्यांवर आणा. अंधारात डोळ्याला तेवढी भरपूर होते आणि करंट त्याच प्रमाणात उतरतो. नवी माळ घेणार असाल आणि अंतर मोठं असेल तर १२ व्होल्टची घ्या.

प्रश्न : सौर माळ पहिल्या वर्षी रात्रभर चालायची, आता तासाभरात विझते.

सेल थकला आहे की पॅनेल, ते आधी ठरवा. आतला सेल काढून त्याच जातीच्या चार्जरवर पूर्ण भरा आणि परत घाला. मग माळ रात्रभर चालली तर पॅनेलकडे पाहा, नाही चालली तर सेल बदला. लहान माळांत बहुधा १.२ व्होल्टचा, ६०० मिलिअँपिअर-तासांचा निकेल-मेटल हायड्राइड सेल असतो. माळ ७५ मिलिअँपिअर घेत असेल तर आठ तास. असा सेल रोज भरून रोज रिकामा होतो, दोन-एक वर्षांत त्याची धाव संपते. त्याजागी साधा, चार्ज न होणारा सेल चुकूनही घालू नका, तो फुटून गळतो. ३.२ किंवा ३.७ व्होल्टचा लिथियमही नको. दुप्पट क्षमतेचा सेल घालून उपयोग नाही, पॅनेल तेवढाच आहे.

पॅनेलवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसा. ग्रिलच्या एका गजाची सावलीही पुष्कळ नुकसान करते, कारण पॅनेलमधले तुकडे सिरीजमध्ये असतात आणि सावलीतला तुकडा बाकीच्यांचा करंट अडवतो. उत्तर गोलार्धात तोंड दक्षिणेकडे करा. माळ संध्याकाळी लागतच नसेल तर शेजारचा दिवा पॅनेलवर पडतो आहे का ते पाहा. पॅनेलला वाटतं अजून दिवसच आहे.

प्रश्न : इन्व्हर्टरवर माळा लावल्या की कंट्रोलरची डबी तापते. एक जळलीसुद्धा.

ॲडॅप्टर नसलेल्या स्वस्त माळांच्या डबीत व्होल्टेज उतरवायला कपॅसिटर असतो. कपॅसिटरमधून जाणारा करंट व्होल्टेज किती झटक्यानं बदलतो यावर ठरतो. साइन वेव्हमध्ये, म्हणजे घरच्या विजेसारख्या गोलसर लाटेत, तो बदल सावकाश असतो. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरमध्ये व्होल्टेज एकदम उडी मारतो आणि प्रत्येक उडीला करंटचा झटका बसतो. साइन वेव्ह इन्व्हर्टर नसेल तर लाइट गेल्यावर अशा माळा बंदच ठेवा.

प्रश्न : भिंतीला खिळे न मारता माळा कशा टांगाव्यात? आणि अंगणावर आडव्या, मोठ्या बल्बांच्या?

भिंतीसाठी चिकट क्लिप चालतात, पण जागा धुऊन, पूर्ण वाळवून आणि क्लिपा बसवल्यावर एक दिवस थांबून मग भार द्या. दर ३०–४५ सेंटिमीटरला एक. पोपडे आलेल्या रंगावर क्लिप टिकत नाही, रंगासकट येते. स्टेपलर आणि खिळे वायरीत घुसतात. ग्रिलला माळ बांधताना जिथे वायर लोखंडाच्या धारेवर घासते तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा मधे घाला. झाडाला सैल गुंडाळा, घट्ट आवळू नका, आणि हंगाम संपला की काढा. खोड वाढतं, वायर वाढत नाही.

अंगणावरच्या माळेचा भार वायरीवर टाकू नका. दोन टोकांना पक्के हुक लावून ३ मिलिमीटरची स्टीलची दोरी बांधा, एका टोकाला ताण देणारा टर्नबकल घाला आणि दर अर्ध्या मीटरला माळ तिला काळ्या, उन्हात टिकणाऱ्या केबल टायनं बांधा. दोरी सरळ रेषेत ताणायचा मोह होतो, तो आवरा. दहा मीटर अंतर आणि एकूण तीन किलो वजन धरलं तर ३० सेंटिमीटर झोल ठेवल्यास हुकावर साधारण साडेबारा किलोचा ओढा येतो. झोल १० सेंटिमीटरवर आणला की तोच साडेसदतीस किलो. वारा आला की त्यात भर. हुक उपटून निघतात ते बहुधा याच ताणानं.

शिडी टेकवताना चार हात उंचीला पाया एक हात बाहेर, आणि गच्चीवर उतरायचं असेल तर शिडी काठाच्या मीटरभर वर आलेली हवी. खाली धरायला माणूस हवाच. जवळून विजेच्या उघड्या तारा जात असतील तर ॲल्युमिनिअमची शिडी नको, आणि शिडी, माळ, माणूस यांपैकी काहीही त्या तारांपासून तीन मीटरच्या आत जाता कामा नये.

प्रश्न : हंगाम संपल्यावर माळा ठेवायच्या कशा? दरवर्षी गुंता होतो आणि दोन-तीन बंद निघतात.

काढण्याआधी शेवटच्या संध्याकाळी सगळ्या लावून पाहा आणि विझलेल्या बल्बाजवळ रंगीत दोरा बांधा. वर्षानं ते आठवत नाही. प्लग बाजूनं ओढून माळ उतरवू नका, क्लिपा एकेक सोडा. ओलसर फडक्यानं पुसा; समुद्राजवळ तर नक्कीच, कारण मिठाचा थर हवेतली ओल ओढून घेतो आणि कपाटातही पिना गंजतात. मग एक दिवस सावलीत वाळवा.

कोपर आणि पंजाभोवती गुंडाळायची सवय असते, पण त्यात प्रत्येक वेढ्याला वायरीला एक पीळ बसतो, आणि सोडताना तेच पीळ गाठी होतात. ३० सेंटिमीटर लांबीचा जाड पुठ्ठा घ्या, दोन्ही टोकांना खाच पाडा आणि सैल गुंडाळा. शेवटचं टोक आधी, प्लग शेवटी, म्हणजे पुढच्या वेळी प्लग हातात येतो आणि उलगडण्याआधी तपासता येतं. पुठ्ठ्यावरच लिहा: पुढची बाल्कनी, १२ मीटर, ८ वॅट. जादा बल्ब त्यालाच टेपनं चिकटवा.

पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका. उष्णतेनं पीव्हीसी (वायरीवरचं प्लॅस्टिक) मऊ पडतं आणि वायर हाताला चिकट लागू लागते. झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलची पुडी बरी, उंदरांपासूनही जपणूक होते. पुढच्या हंगामात लावण्याआधी वायर जागोजागी दोन बोटांत वाकवून पाहा. वळणावर पांढऱ्या बारीक भेगा दिसल्या तर ती माळ टेपनं दुरुस्त करायची नाही, टाकायची. काही माळांच्या पीव्हीसीत शिसं असतं, म्हणून हाताळून झाल्यावर हात साबणानं धुवा आणि लहान मुलांना गुंता सोडवायला बसवू नका. सौर माळेतला सेल पूर्ण भरून काढून ठेवा आणि डबीतल्या स्प्रिंगवर गंज दिसला तर तेव्हाच बारीक पॉलिश पेपरनं घासा.